मुद्रांकित कागदाचं परीक्षण : बोस्टनला आपटला, मुंबईत खपला

माल अगदी साधा. कोरा कागद आणि त्यावर सरकारी ठसा. कागदाचे पैसे किरकोळ, खरे पैसे ठशाचे. त्या कागदावर व्यवहार लिहिला तर कोर्टाला तो दिसतो, साध्या कागदावर लिहिला तर दिसत नाही. ही युक्ती १६२४ मध्ये डचांनी काढली. इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली, फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवायला. लढाई संपली, कर राहिला.

या परीक्षणात त्याच मालाच्या दोन वसाहती आवृत्त्या घेतल्या आहेत. पहिली १७६५ ची अमेरिकन आवृत्ती, साडेचार महिन्यांत गाशा गुंडाळलेली. दुसरी आपल्या मुंबई इलाख्याची. ती नाव आणि चित्र बदलून आजही मिळते. दोन्हींमागचं डोकं साहेबाचंच. तरी एक पडली आणि एक दोनशे वर्षांहून जास्त चालली. याचं श्रेय बहुतेक जण तिकडच्या लोकांच्या बाणेदारपणाला आणि इकडच्यांच्या सोशिकपणाला देतात. आमच्या मते निम्मं उत्तर मालाच्या रचनेतच आहे.

अमेरिकन आवृत्तीपासून सुरू करू. सात वर्षांचं युद्ध संपलं होतं, अमेरिकेत फौज ठेवायची होती आणि तिच्या खर्चाचा काही भाग तिथूनच काढायचा होता. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी ५५ ठरावांची यादी संसदेपुढे ठेवली. २२ मार्च १७६५ ला कायदा झाला आणि अंमल १ नोव्हेंबरपासून ठरला. अपेक्षा वर्षाला सुमारे ६०,००० पौंडांची.

कारागिरीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. साध्या कागदावर ठसा थेट दाबून उठवलेला असे, शाई नाही. ट्यूडर गुलाब, वर मुकुट, भोवती गार्टर या इंग्लंडच्या राजमानाच्या पदकाचं फ्रेंच बोधवाक्य, 'अमेरिका' हा शब्द आणि खाली किंमत. पण महत्त्वाचे दस्त चर्मपत्रावर लिहीत. चर्मपत्र चिवट, हवेतल्या दमटपणाने फुगणारं आणि आक्रसणारं. त्यावर दाबलेला उठाव टिकत नाही. म्हणून त्यावर रंगीत कागदाचा लहान तुकडा डकवत. नुसती खळ सुटू शकते, म्हणून तुकडा आणि चर्मपत्र दोन्हींतून धातूची बारीक पट्टी आरपार घालून तिची टोकं मागच्या बाजूला दुमडत. टोकं उचकटून तुकडा काढता येऊ नये म्हणून त्यांवर राजाच्या आद्याक्षरांची छापील चिठ्ठी डकवत. एका दस्तावरचा ठसा काढून दुसऱ्याला लावायचा तर चिठ्ठी फाडावी लागे, पट्टी सरळ करावी लागे, खळ सोडवावी लागे, आणि एवढं करून हातात चुरगळलेला तुकडा येई. बनावट ठशाची शिक्षा मृत्युदंड. हात की सफाई करणाऱ्यांचा इतका बारीक विचार फार थोड्या सरकारी वस्तूंत दिसतो.

गडबड दरपत्रकात आहे. कोर्टातल्या साध्या अर्ज-कैफियतीला तीन पेन्स आणि जहाजाच्या भरतीपत्राला चार पेन्स, इथवर ठीक. वकिलीच्या सनदेला मात्र १० पौंड. कॉलेजच्या पदवीला २ पौंड. सरकारकडून मिळणाऱ्या जमिनीच्या सनदेला, १०० एकरांच्या आत असेल तर, दीड शिलिंग. शिकाऊ उमेदवाराच्या करारात उस्तादाला द्यायच्या रकमेवर ५० पौंडांपर्यंत दर पौंडाला सहा पेन्स, त्यापुढे दर पौंडाला बारा पेन्स. वर्तमानपत्राला अर्ध्या तावापर्यंत अर्धी पेनी, पूर्ण तावाला एक पेनी, आणि आत छापलेल्या प्रत्येक जाहिरातीला वेगळे दोन शिलिंग. पंचांग एकाच बाजूला छापलेलं असेल तर दोन पेन्स, नाहीतर चार. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग. फाशांच्या जोडीला १० शिलिंग. म्हणजे सोंगट्या खेळणाऱ्यावर पत्ते कुटणाऱ्याच्या दहापट कर. यामागे कोणतं तर्कशास्त्र होतं ते ग्रेनव्हिलनाच ठाऊक. मजकूर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर दर दुप्पट. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन छापखान्यांना हा थेट फटका होता.

वापरातल्या अडचणी यापुढच्या. कागद लंडनलाच ठसा मारून जहाजाने येणार. छापखान्याने आपला कागद कुठूनही घ्यावा आणि जवळच्या कचेरीत ठसा मारून घ्यावा, अशी सोय तिथे नव्हती. जहाजाला उशीर झाला की छापखाना बंद, बंदरातली कागदपत्रं बंद, कोर्टही बंद. दुसरं, पैसे ब्रिटिश चलनाच्या हिशेबाने द्यायचे, चांदी दिली तर औंसाला साडेपाच शिलिंगाचा भाव. वसाहतींत स्टर्लिंग नाण्यांची आधीच टंचाई, आणि आदल्या वर्षीच्या चलन कायद्याने तिथल्या कागदी नोटांना कायदेशीर चलन म्हणून चालवायला बंदी घातलेली. ज्या चलनात खरेदी करायची तेच बाजारात नाही, अशी ही विक्री. तिसरं, तक्रार निवारण. उल्लंघनाचे खटले नौदलाच्या कोर्टांत चालवता येत. तिथे पंच नाहीत, एकटा न्यायाधीश.

या तिन्हींपेक्षा मोठी चूक वितरणात झाली. प्रत्येक वसाहतीला एक मुख्य वितरक, तोही तिथलाच प्रतिष्ठित माणूस. हेतू असा की परक्यापेक्षा आपल्या माणसाकडून लोक घेतील. पण सगळी साखळी बारा-तेरा माणसांवर टांगली गेली आणि त्यांची नावं सगळ्या गावाला माहीत. बोस्टनमध्ये १४ ऑगस्टला वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला, संध्याकाळी त्यांची इमारत पाडली गेली, आणि त्यांनी पद सोडायचं कबूल केलं. मग एकेका गावात तोच प्रयोग झाला. १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा माल किल्ल्यांत आणि जहाजांवर पडून होता आणि तो विकायला माणूस नव्हता. थोडीफार विक्री झाली ती जॉर्जियात.

त्यात गिऱ्हाईक कोण होतं ते बघा. वकील, छापखानेवाले, व्यापारी. ज्याच्या हातात कायदा आहे, ज्याच्या हातात वर्तमानपत्र आहे आणि ज्याच्या हातात विलायती माल मागवणं-न मागवणं आहे, अशा तिघांना एकाच दिवशी दुखवलं. पेनसिल्व्हेनिया जर्नलने ३१ ऑक्टोबरचा अंक थडग्यासारखी काळी चौकट आणि कवटी छापून काढला. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जमले. व्यापाऱ्यांनी विलायती मालाच्या मागण्या थांबवल्या तेव्हा लंडनचे व्यापारीच संसदेत रडू लागले. १८ मार्च १७६६ ला कायदा मागे घेतला गेला. त्याच दिवशी दुसरा एक कायदा करून संसदेने वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा आपला हक्क शाबूत असल्याचं लिहून ठेवलं. सुंभ जळला, पीळ तसाच.

निकाल: बनावट उत्तम, बाकी सगळं नापास.

आता आपल्याकडची आवृत्ती. कंपनीने हा माल एकदम सगळीकडे उतरवला नाही. बंगालमध्ये १७९७ चं सहावं रेग्युलेशन, म्हणजे कंपनी सरकारचा कायदा, निमित्त म्हणे पोलीस कर रद्द केल्याने आलेली तूट. मद्रासला १८०८. मुंबईला १८१५ चं चौदावं रेग्युलेशन, मग १८२७ चं अठरावं. सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच कायदा थेट १८६० मध्ये आला. १८६२, १८६९, १८७९ असे फेरफार होत शेवटची घट्ट आवृत्ती निघाली १८९९ ची. १ जुलै १८९९ पासून लागू झालेला तो कायदा केंद्राच्या वाट्याच्या दस्तांना अजून लागू आहे. महाराष्ट्रात इतर दस्तांना १९५८ चा राज्याचा कायदा आहे, पण त्याचा सांगाडा उघडून पाहिला तर हाडं तीच.

१८९९ च्या अनुसूचीची अमेरिकन यादीशी तुलना केली की पहिला फरक डोळ्यांत भरतो. वर्तमानपत्र नाही, जाहिरात नाही, पंचांग नाही, पत्ते नाहीत, पदवी नाही. बोंब मारू शकणाऱ्या छापखान्याला हातच लावलेला नाही. छापील मालाला वगळून फक्त व्यवहाराच्या दस्तांवर बोट ठेवलं. वकिलांना सोडलं असं मात्र नाही. हायकोर्टाच्या पटावर वकील म्हणून नाव घालायला ५०० रुपये, अॅटर्नीला २५०. पण तो खर्च आयुष्यात एकदाच, आणि त्यानंतर हा कायदाच वकिलाचं दुभतं जनावर.

दर बघा. प्रतिज्ञापत्र एक रुपया. साधा करार आठ आणे. दत्तकपत्र १० रुपये. काडीमोडाचा दस्त एक रुपया. खरेदीखत ५० रुपयांपर्यंत आठ आणे, १०० पर्यंत एक रुपया, मग दर शंभराला एकेक रुपया चढत हजाराला १० रुपये, त्यापुढे दर पाचशेला पाच. म्हणजे सरळ एक टक्का. कर्जरोख्याला याच्या निम्मं. १०० च्या रोख्याला आठ आणे, हजाराला पाच रुपये. गहाणखतात जमिनीचा ताबा सावकाराला दिला तर खरेदीखताचा दर, ताबा नाही दिला तर रोख्याचा दर. ही फट लिहिणाऱ्यांच्या लगेच लक्षात आली. कागदावर ताबा कुळाकडेच आणि शेतात पेरणी सावकाराची, अशा कागदांना त्या काळात तोटा नव्हता.

दुसरी फट याहून मोठी. खरेदीखतावरचा कर दस्तात लिहिलेल्या मोबदल्यावर होता, बाजारभावावर नाही. बाजारभाव, रेडी रेकनर म्हणजे जमिनीच्या भावांचा सरकारी तक्ता, या सगळ्या पुढच्या गोष्टी. त्यामुळे वंशावळीसाठी किंवा जमिनीच्या इतिहासासाठी जुनी खरेदीखतं चाळणाऱ्यांनी एवढं धरून चालावं की लिहिलेली किंमत ही कमीत कमी किंमत आहे. खरी तिच्या वर असू शकते, खाली सहसा नसते.

विक्रीची रचना अमेरिकेच्या अगदी उलट. इथे एक मोठा वितरक नाही. कोषागारातून परवानाधारक स्टॅम्प व्हेंडर माल उचलतो, कचेरीच्या आवारात बसतो, विकलेल्या प्रत्येक कागदाची वहीत नोंद करतो आणि कागदाच्या मागे अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि किंमत लिहून सही करतो. पुतळा जाळावा असा कुणी नजरेत येत नाही. पावतीला लागणारी एक आण्याची आणि अर्ध्या आण्याची तिकिटं तर परवान्याशिवाय कुणीही विकावीत, अशी मुभा कायद्यातच होती. बाकीचे स्टॅम्प परवान्याविना विकले तर सहा महिने कैद, ५०० रुपये दंड किंवा दोन्ही.

अंमलबजावणी हा या आवृत्तीचा खरा गाभा. शिपाई पाठवून कुणाच्या घरातली कागदपत्रं तपासावी लागत नाहीत. ३५ व्या कलमाने सांगितलं, पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेतला जाणार नाही. अशी तरतूद अमेरिकन कायद्यातही होती, पण तिथे वकिलांनी आणि कोर्टांनीच कामकाज थांबवलं, मग कायदा दाखवणार कुणाला? इथे कोर्ट चालूच राहिलं आणि समोरच्या पक्षाचा वकील तुमच्या कागदावरचा मुद्रांक फुकटात तपासत राहिला. सरकारला याहून स्वस्त निरीक्षक मिळाला नसता. कमी भरलेला मुद्रांक उजेडात आला की तुटीची रक्कम अधिक दंड: पाच रुपये, किंवा तुटीची दहापट रक्कम पाचाहून जास्त होत असेल तर ती. दंड भरला की कागद पुराव्यात चालतो.

एका गोष्टीत मात्र दंड भरूनही सुटका नाही. वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) किंवा हुंडी. लिहिताना तिकीट नसेल तर नंतर कितीही पैसे भरा, ती पुराव्यात येत नाही. आजही नाही. वसुलीच्या दाव्यांत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते: सही आधी घेतली, तिकीट संध्याकाळी आणून चिकटवलं. तिकीट सहीच्या आधी किंवा सहीबरोबर असायला हवं आणि रद्द करायला हवं. रद्द करणं म्हणजे तिकिटावरून आडवं, थोडं तिकिटावर थोडं कागदावर येईल असं, नाव किंवा आद्याक्षरं आणि खरी तारीख लिहिणं. नुसतं डकवलेलं कोरं तिकीट कायद्याच्या नजरेत लावलेलंच नसतं, कारण ते काढून दुसऱ्या कागदावर लावता येतं. दुसरी नेहमीची चूक, जिथे ठशाचा कागदच हवा तिथे तिकिटं चिकटवणं. चिकट तिकिटं फक्त मोजक्या कागदांना चालत: एक-अर्ध्या आण्याचे दस्त, परदेशात काढलेल्या हुंड्या, नोटरीचं काम, शेअरचं हस्तांतर, वकिलाची नोंदणी. खरेदीखताला तिकिटांची माळ लावली तरी ते खरेदीखत बिनमुद्रांकाचंच.

हुंडीच्या कागदाचे तर आकारापर्यंत नियम. १९२५ च्या नियमांनुसार ताव ८ ५/८ इंच गुणिले ५ १/८ इंचांहून लहान नको, आणि त्याला साधा कागद जोडायचा नाही. मारवाडी पेढ्यांना लांबलचक पट्टीवर लिहायची सवय, आणि इथे जोडच चालत नाही.

पावतीचा नियम सगळ्यांत जास्त लोकांना लागला. २० रुपयांहून जास्त रकमेच्या पावतीला एक आणा. लोकांनी २० च्या आत तुकडे पाडायला सुरुवात करायच्या आधीच कायद्याने रस्ता अडवला होता. फसवायच्या हेतूने रक्कम तोडून पावत्या दिल्या तर १०० रुपयांपर्यंत दंड. सोळाशे पावत्यांचा कर एका पावतीच्या लबाडीला. हाच कर आता एक रुपया आहे आणि मर्यादा ५,००० रुपये. घरभाड्याच्या पावतीवर गुळगुळीत रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करताना आपण १८९९ च्या अनुसूचीतली ५३ वी नोंद पाळत असतो.

कोर्ट फी हा या मालाचा वेगळा गट, १८७० चा सातवा कायदा. परीक्षणात सगळ्यांत कमी गुण याला. मूळ तक्ता मांडून बघितला की कारण कळतं. पाच रुपयांच्या दाव्याला सहा आणे, पुढे शंभरापर्यंत दर पाच रुपयांना सहा आणे. म्हणजे शंभराच्या दाव्याला साडेसात रुपये. शंभरापासून हजारापर्यंत दर दहाला बारा आणे, हजाराला ७५ रुपये. साडेसात टक्के. त्यापुढे दर उतरत जातो आणि ३,००० रुपयांवर छत आहे. दहा लाखांच्या दाव्यालाही तीनच हजार, म्हणजे ०.३ टक्का. गोणीभर जोंधळ्याच्या पैशासाठी भांडणारा, पेढीच्या हिश्श्यासाठी भांडणाऱ्याच्या पंचवीसपट दराने न्याय विकत घेत होता. खर्चिक केलं म्हणजे खोटे दावे कमी होतील, हे त्याचं जुनं समर्थन. बंगालच्या १७९५ च्या रेग्युलेशनच्या प्रस्तावनेत ते आलं होतं आणि मेकॉलेने त्या प्रस्तावनेला अत्यंत मूर्खपणाची म्हणून झोडपलं होतं. फी दोघांनाही सारखीच, मग ती खऱ्या दावेदाराला का अडवणार नाही, हा त्याचा सवाल. या एका बाबतीत मेकॉलेशी वाद घालायला जागा नाही.

लोकांचा राग होता, पण तो वळला कुठे ते दख्खनच्या दंग्यांत दिसतं. १२ मे १८७५ ला सुप्यात आणि मग पुणे-नगर भागात कुणबी सावकारांच्या घरांत घुसले. त्यांनी काय मागितलं? रोखे, खतं, हुकूमनामे. आणि ते बाहेर आणून जाळले. बोस्टनकरांचा राग ठशावर होता. इथल्यांचा राग ठशाच्या खाली लिहिलेल्या ओळींवर होता. कागद तोच, पण कुणब्याला त्यावरचा राजा दिसत नव्हता, सावकार दिसत होता. मुद्रांकाचा खर्च बहुतेक वेळा ऋणकोच्याच बोकांडी बसे, तरी आग सरकारी कचेरीला लागली नाही. सरकारच्या दृष्टीने मालाची ही फार मोठी खुबी.

इतर विक्रेत्यांबद्दल थोडक्यात. कोल्हापूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांचे स्वतःचे स्टॅम्प कागद आणि कोर्ट फी तिकिटं होती. गोव्यात पोर्तुगिजांचा पापेल सेलादु. रचना तीच, भाषा वेगळी.

एक गंमत टपाल तिकिटं गोळा करणाऱ्यांना ठाऊक असते, बाकीच्यांना नसते. १८६६ मध्ये सहा आण्यांच्या टपाल तिकिटांची टंचाई पडली. तेव्हा परदेशी हुंड्यांना लावायची सहा आण्यांची तिकिटं घेऊन त्यांचा वरचा-खालचा मजकूर कापून टाकला, वर 'पोस्टेज' छापलं आणि टपालात चालवली. पुढे १९०६ पासून अर्ध्या आणि एक आण्याच्या टपाल तिकिटांवरच 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' छापू लागले आणि पावतीचं वेगळं तिकीट बंद झालं. जुन्या पावत्यांवर टपालाचं तिकीट दिसलं म्हणून कागद खोटा ठरवू नका.

आता आजची आवृत्ती. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याच दस्तांचा शंभर-दोनशेचा किमान मुद्रांक पाचशेवर गेला. घेताना चार गोष्टी तपासाव्यात. कागद दस्तातल्या एका पक्षाच्या नावाने घेतलेला हवा. मित्राच्या किंवा दलालाच्या नावावरचा नको, राज्याच्या कायद्याच्या ३४ व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. दस्त सहीच्या आधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी मुद्रांकित व्हायला हवा. घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरा किंवा परतावा मागा, नाहीतर राज्याच्या कायद्याखाली तो बाद. मागच्या वर्षीच्या व्यवहारात उरलेला कागद ड्रॉवरमधून काढून चालवू नये. आणि चौथी, सरकारी कचेरीत किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांकच लागत नाही, २००४ पासून माफी आहे. तरी खिडकीवरून "पाचशेचा स्टॅम्प आणा" असं ऐकू आलं, तर आदेश विचारायला हरकत नाही.

मुद्रांक कमी म्हणजे करारच रद्द, हा समजही सोडून द्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा स्पष्ट केलं: असा दस्त पुराव्यात अडतो, पण शून्य होत नाही, आणि ती उणीव पैसे भरून दूर करता येते.

जुने स्टॅम्प कागद पुण्याच्या जुन्या बाजारात, चोरबाजारात आणि ऑनलाइन सर्रास विकायला असतात. मोडीतलं लिखाण आणि वर राणीचं चित्र असलं की विकणारा भाव चढवतो. घेण्याआधी किंवा घरातल्या जुन्या दस्ताची शहानिशा करताना आधी कागद उलटा करा. व्हेंडरची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची असेल तर दस्त मागची तारीख टाकून लिहिला आहे, पुढे वाचायची गरज नाही. मग राजा बघा. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, मग सहावा जॉर्ज. १९०५ च्या दस्तावर पाचवा जॉर्ज असणं शक्य नाही. उलट १९०३ च्या दस्तावर व्हिक्टोरिया सहज असते, शिल्लक साठा संपेपर्यंत चाले. किंमत नव्या पैशांत असेल तर कागद १ एप्रिल १९५७ नंतरचा, वर शके कितीही जुनं लिहिलेलं असो. उठावाच्या ठशावरून बोट हलकं फिरवा, उंचवटा लागायला हवा. छापून काढलेल्या नकलेत तो लागत नाही. सुरकुत्या काढायला इस्त्री फिरवू नका, उठाव कायमचा बसतो. लॅमिनेशन तर नकोच.

आणि कोर्ट फीच्या तिकिटावर राजाच्या डोक्याच्या जागी गोल भोक असेल तर "खराब आहे, कमी करतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तो कागद निमूट कमी भावात घ्या. १८७० च्या कायद्याच्या ३० व्या कलमानेच सांगितलं होतं की चित्रातलं डोकं भोक पाडायच्या पंच-यंत्राने तोडायचं, किंमत तशीच ठेवायची आणि तोडलेला तुकडा जाळायचा, म्हणजे तिकीट दुसऱ्या अर्जाला लावता येत नाही. फाईलला लावलेलं त्या काळातलं कोर्ट फी तिकीट बिनभोकाचं निघालं, तर पैसे देण्याआधी दोनदा बघा.